मोडेम बदलायचा, पण कोणाच्या खर्चाने?

केबलच्या तारेतून घरोघर इंटरनेट पुरविण्याचा धंदा अमेरिकेत सध्या एका मोठ्या स्थित्यंतरातून जात आहे. कॉमकास्ट या तेथील बलाढ्य केबल कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज, अटलांटा व फिलाडेल्फिया या शहरांच्या काही भागांत ‘डॉक्सिस ४.०’ नावाच्या नव्या मानकानुसार सेवा देण्यास प्रारंभ केला. इतर केबल कंपन्याही आपापल्या गतीने तारांची सुधारणा करीत आहेत. नवे मानक आले की तारेच्या टोकाला, ग्राहकाच्या घरात बसलेली मोडेम नावाची पेटी जुनी ठरते. ती बदला, असा सल्ला कंपनी देते, दुकानदार देतो आणि शेजारचा हौशी तरुणही देतो. बदलण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो ग्राहकानेच करावयाचा, हे जणू निसर्गनियमाप्रमाणे गृहीत धरलेले असते. हे गृहीतकच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दीडदोनशे डॉलरच्या एका पेटीसाठी समाजवादी साप्ताहिकाने अग्रलेख खर्ची घालावा काय, असे एखाद्या कार्यकर्त्यास वाटेल. परंतु वीज, पाणी, रेल्वे यांच्या बाबतीत मालकीचा, दराचा आणि नियंत्रणाचा जो प्रश्न आपण वर्षानुवर्षे मांडत आलो, तोच प्रश्न या पेटीत बंदिस्त झालेला आहे. शिक्षण, नोकरीचा अर्ज, दवाखान्याची वेळ, सरकारी दाखला ही सारी कामे ज्या तारेवाचून अडतात, ती तार चैनीची वस्तू राहिलेली नाही. अशा तारेची मालकी एका कंपनीकडे, ती केव्हा व कशी बदलावयाची याचा निर्णय त्याच कंपनीकडे, आणि त्या निर्णयाचा भार मात्र घरोघर वाटून दिलेला, अशी ही व्यवस्था आहे.

प्रथम या मानकाचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. केबल कंपन्यांनी १९८८ साली ‘केबललॅब्ज’ ही संयुक्त संशोधन संस्था स्थापन केली. तिच्या पुढाकाराने १९९७ साली डॉक्सिसची पहिली आवृत्ती निघाली. तोपर्यंत प्रत्येक निर्मात्याचा मोडेम वेगळ्या भाषेत बोलत असे आणि एका कंपनीच्या तारेवरील पेटी दुसरीच्या तारेवर चालत नसे. समान मानक आल्यावर कोणत्याही निर्मात्याचा प्रमाणित मोडेम कोणत्याही कंपनीच्या तारेवर चालू लागला, निर्मात्यांत स्पर्धा लागली आणि किमती उतरल्या. हा लाभ खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पुढे २००६ साली ३.० आणि २०१३ साली ३.१ या आवृत्त्या आल्या. पण हे मानक ठरविणारी संस्था केबल कंपन्यांची आहे. तिच्या पंगतीत ग्राहकाचे पान मांडलेले नाही.

आता तारेच्या अंतरंगाकडे वळावे, कारण खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. केबलची तार मूळची दूरदर्शनसाठी टाकलेली. चित्रे एका ठिकाणाहून हजारो घरांत जावयाची, घरांतून उलट काही यावयाचे नव्हते. म्हणून तारेतील लहरींच्या पट्ट्याचा अगदी तळचा, ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढाच अरुंद भाग घराकडून कंपनीकडे जाणाऱ्या वाहतुकीस राखला गेला आणि वरचा शेकडो मेगाहर्ट्झचा राजरस्ता उलट दिशेसाठी ठेवला गेला. ग्राहक म्हणजे केवळ प्रेक्षक, ही धंद्याची मूळ कल्पना अशी तांब्याच्या तारेत कायमची कोरली गेली. २०२० साली साथीच्या काळात शाळा व कचेऱ्या घरात आल्या, प्रत्येक घरातून चित्र आणि आवाज बाहेर जाऊ लागला, तेव्हा या अरुंद बोळात गर्दी झाली. ४२ ची मर्यादा ८५ वा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्याची, आणि ४.० मानकात त्याहूनही पुढे नेण्याची जी धडपड आज चालू आहे, तिचे कारण हे आहे.

शिवाय ही तार एका घराची नसते. एका जोडकेंद्रावर शेकडो घरे असतात आणि त्या सर्वांना मिळून एकच पट्टा वाटून घ्यावा लागतो. डॉक्सिस ३.० च्या मोडेमने ६ मेगाहर्ट्झच्या ठराविक वाहिन्या एकत्र जोडून काम करावयाचे असते. एका वाहिनीतून सेकंदाला ३८ मेगाबिटांच्या आसपास माहिती वाहते. ३.१ च्या पद्धतीत तोच पट्टा अधिक दाट भरता येतो. जुन्या पद्धतीत एका संकेतात फार तर ८ बिट मावत, नव्या पद्धतीत तार स्वच्छ असेल तर १२ मावतात. म्हणजे त्याच तारेतून सुमारे दीडपट माल. परंतु रस्त्यावरील काही घरांत जोवर ३.० चे मोडेम आहेत, तोवर त्यांच्यासाठी जुन्या वाहिन्या चालू ठेवणे कंपनीस भाग पडते. तेवढा पट्टा नव्या पद्धतीला मोकळा होत नाही.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम लागू पडतो. एखाद्या कृतीचा खर्च एकाने करावयाचा आणि लाभ इतरांच्या पदरात पडावयाचा, अशी स्थिती असेल तर ती कृती एकट्याच्या खिशावर सोपविणे अन्यायाचेही असते आणि अकार्यक्षमतेचेही. जुना मोडेम बाळगणारी एखादी वृद्ध विधवा घ्या. तिची सेवा १०० मेगाबिटांची. तिची ८ वाहिन्यांची जुनी पेटी ३०० मेगाबिटांच्या आसपास सहज पेलते. पेटी बदलून तिच्या वेगात तसूभरही फरक पडावयाचा नाही. पण ती बदलली तर पट्टा मोकळा होतो, शेजाऱ्यांना अधिक वेग मिळतो, आणि कंपनीला नवी तार न टाकता अधिक महागड्या योजना विकता येतात. मग बदलाचे पैसे त्या वृद्धेने कोणत्या न्यायाने द्यावयाचे? रस्ता रुंद करताना ज्याचे घर रस्त्यावर आहे त्याच्याकडून डांबराचे पैसे वसूल करण्यासारखे हे झाले. मोडेम घरात असला तरी तो जाळ्याचाच शेवटचा दुवा आहे. जाळे सुधारावयाचे ठरविले कंपनीने, तर तो दुवा बदलण्याचा खर्चही जाळ्याच्याच हिशेबात धरला पाहिजे.

यातून ग्राहकासाठीही एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आपल्या योजनेचा वेग जुनी पेटी पेलत असेल, तर केवळ नव्या आकड्याच्या मोहाने पेटी बदलण्याचे कारण नाही. ३२ वाहिन्या जोडणारा ३.० चा मोडेम कागदावर तरी हजार मेगाबिटांच्या वर जातो. डॉक्सिसच्या जाळ्यात जुने मोडेमही चालावेत अशी सोय मानकातच आहे, आणि ती मानकाची जमेची बाजू आहे. ज्यांच्या घरातून बाहेर जाणारी माहिती मोठी आहे, किंवा ज्यांनी खरोखरच हजार मेगाबिटांची सेवा घेतली आहे, त्यांनाच नव्या पेटीचा अर्थ आहे.

दुसरा प्रश्न भाड्याचा. पेटी विकत घेण्याऐवजी कंपनीकडून भाड्याने घेण्याची सोय असते. अमेरिकेत हे भाडे वाढत वाढत महिन्याला १५ डॉलरच्या आसपास पोहोचले. वर्षाचे १८० डॉलर झाले. दुकानात ३.१ चा चांगला मोडेम साधारण दीडशे ते दोनशे डॉलरला मिळतो. म्हणजे वर्ष-सव्वावर्षात पेटीची किंमत वसूल होते आणि त्यापुढील भाडे ही निव्वळ कमाई. पाच वर्षे भाडे भरणाऱ्याने ९०० डॉलर मोजलेले असतात आणि अखेरीस पेटीही परत करावयाची असते. हे गणित ग्राहकास समजत नाही असे नव्हे. परंतु ज्याच्या हाती महिन्याच्या पहिल्या तारखेस भाडे व वाणसामान भागवून काही उरत नाही, तो एकरकमी दोनशे डॉलर आणणार कोठून? सुखवस्तू मनुष्य पेटी विकत घेऊन मोकळा होतो, गरीब मनुष्य तिच्यासाठी चौपट-पाचपट मोजतो. सावकारीचे तंत्र नव्या पोषाखात आले, एवढेच.

या भाड्याला मोठा वारसा आहे. अमेरिकेत बेल दूरध्वनी कंपनीची मक्तेदारी होती तेव्हा दूरध्वनीचे यंत्र कंपनीचेच असे. त्याचे भाडे द्यावे लागे आणि परकी वस्तू तारेस जोडणे निषिद्ध होते. तोंडाशी धरावयाच्या ‘हश-अ-फोन’ नावाच्या एका साध्या टोपणावरही कंपनीने आक्षेप घेतला आणि १९५६ साली न्यायालयाने तो फेटाळला. पुढे टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी बनविलेल्या ‘कार्टरफोन’च्या प्रकरणात १९६८ साली संघीय संपर्क आयोगाने निर्णय दिला की, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकास स्वतःचे यंत्र जोडण्याचा अधिकार आहे. स्वतःचा मोडेम विकत घेऊन लावण्याची आजची मुभा याच परंपरेतली. तो अधिकार मक्तेदारीशी झगडून मिळालेला आहे. भांडवलदारांनी उदारपणे दिलेला नाही. आपल्याकडेही तो काळा दूरध्वनी टपाल-तार खात्याच्याच मालकीचा असे. परंतु तो बिघडला तर दुरुस्त करून देणे हे खात्याचे कर्तव्य होते. (दूरध्वनी मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे अर्थातच विसरून चालणार नाही.)

अधिकार कागदावर आला म्हणजे हाती आला असे होत नाही, याचा अनुभव तेथेही येतो. स्वतःची पेटी असलेल्या ग्राहकाकडूनही पेटीचे भाडे वसूल करण्याचे प्रकार इतके वाढले की, डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसला कायदा करून ते बंद करावे लागले. त्याची अंमलबजावणी डिसेंबर २०२० पासून झाली. जी पेटी कंपनीने दिलीच नाही तिचे भाडे घेऊ नये, हे सांगण्यासाठी कायदा लागावा, यातच सारे आले. कायदा झाल्यावर नव्या वाटा निघाल्या. कॉमकास्टने २०२२ साली बाहेर जाणाऱ्या माहितीचा वेग वाढविण्यास सुरुवात केली, तेव्हा तो वाढीव वेग आरंभी कंपनीची पेटी महिना २५ डॉलरच्या विशेष योजनेत भाड्याने घेणाऱ्यांनाच दिला. स्वतःचा सुयोग्य मोडेम असणाऱ्यांना तो नंतर खुला झाला. अमर्याद वापराची मुभाही दीर्घकाळ अशी होती की, स्वतःच्या पेटीवर ती ३० डॉलरला आणि कंपनीच्या पेटीसह २५ डॉलरला. पेटीसह सेवा स्वस्त आणि पेटीवाचून महाग, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवितात? जून २०२५ मध्ये याच कंपनीने नव्या योजना आणून पेटीचे भाडे दरातच समाविष्ट केले. बिलावरील ओळ गेली ही गोष्ट खरी. पण भाडे गेले असे नव्हे, ते एकूण दरात विरघळले.

भाड्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भाड्याची पेटी बिघडली तर कंपनी बदलून देते, मानक बदलले तरी बदलून देते. स्वतःची पेटी घेणारा तो धोका स्वतः पत्करतो. काही वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या अनेक मोडेमांत बसविलेल्या इंटेलच्या ‘प्यूमा ६’ या चकतीत संकेतांस अधूनमधून विलंब होण्याचा दोष निघाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अशा वेळी स्वतःच्या पैशाने पेटी घेतलेला ग्राहक एकाकी पडतो. म्हणून ‘प्रत्येकाने स्वतःचा मोडेम घ्यावा’ हा सोपा उपदेश पुरेसा नाही. जोखीम सामूहिकपणे वाटली जावी हे तत्त्व योग्यच आहे. आक्षेप आहे तो त्या तत्त्वाच्या नावाखाली पेटीची किंमत पाचपट वसूल करण्याला. भाडे असेल तर ते पेटीची किंमत व देखभाल यांच्याशी बांधलेले असावे आणि किंमत वसूल होताच थांबावे, एवढी मागणी बाजारपेठेच्या भाषेतही गैर ठरत नाही.

सरकारने गरिबांना मदत केली तेव्हा काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यान्वये गरीब कुटुंबांस इंटरनेटसाठी महिना ३० डॉलरपर्यंत सवलत मिळू लागली. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. भाड्याच्या मोडेमचे भाडेही या सवलतीतून वळते होत असे. संगणक किंवा टॅब्लेट घेण्यास एकवेळची मदत होती, परंतु मोडेम विकत घेणे त्या यादीत नव्हते. म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून भाडे भरावयाचे, पण गरिबाला पेटीचा मालक होऊ द्यावयाचे नाही. पुढे काँग्रेसने निधी न दिल्याने १ जून २०२४ रोजी ही योजनाच बंद पडली. तिजोरीतून गेलेला पैसा कंपन्यांच्या खाती जमा झाला. कुटुंबांच्या हाती त्यातून टिकाऊ असे काही उरले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये संघीय आयोगाने ब्रॉडबँडची व्याख्या २५ वरून १०० मेगाबिट, आणि बाहेर जाणाऱ्या दिशेस ३ वरून २० मेगाबिट अशी उंचावली. व्याख्या वाढली आणि ती परवडण्यासाठी दिलेली मदत तीन महिन्यांत गेली.

या साऱ्याला पर्याय काय, असा प्रश्न विचारला जातो. पर्याय कल्पनेतला नाही. टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहराच्या सार्वजनिक वीजमंडळाने, ईपीबीने, आपल्या वीजग्राहकांसाठी काचतंतूंचे जाळे उभारले आणि २०१० साली शहरभर सेकंदाला हजार मेगाबिट वेगाची सेवा उपलब्ध करून दिली. तेथे काचतंतूच्या टोकाला बसणारे यंत्र हा जाळ्याचाच भाग मानला जातो. विजेच्या मीटरसारखे ते मंडळानेच बसवावयाचे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा याच मंडळाने स्थानिक शाळाखात्याच्या सहकार्याने गरीब विद्यार्थ्यांच्या घरी विनामूल्य जोडणी देण्याची योजना आखली. सुमारे २८,००० विद्यार्थी तिला पात्र होते. खाजगी कंपन्यांची प्रतिक्रिया अपेक्षितच होती. मंडळाने आपल्या वीजक्षेत्राबाहेर इंटरनेट देऊ नये, असे बंधन राज्याच्या कायद्याने घातलेले आहे. ते संघीय आयोगाने २०१५ मध्ये दूर करण्याचा प्रयत्न केला, पण २०१६ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द ठरविला. सार्वजनिक क्षेत्र अकार्यक्षम असते म्हणून ते नको, असा प्रचार नेहमी होतो. येथे ते कार्यक्षम निघाले म्हणून त्याला कुंपण घालावे लागले.

महाराष्ट्रात हा प्रश्न केबल मोडेमच्या रूपाने फारसा उरलेला नाही. मुंबई-पुण्यात केबलच्या तारेतून इंटरनेट देण्याचे प्रयोग झाले खरे. आता नव्या जोडण्या बहुतांशी काचतंतूच्या आहेत. परंतु पेटीचा प्रश्न आपल्या दारात एकदा येऊन गेला आहे, आणि तो फारशा प्रतिकाराविना आपण गिळला. केबल दूरदर्शनच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाने ३१ ऑक्टोबर २०१२ पासून मुंबईत आणि ३१ मार्च २०१३ पासून पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत सेट टॉप बॉक्स अनिवार्य झाला. निर्णय दिल्लीचा, लाभ मोठ्या केबल कंपन्यांचा, आणि पेटीचे पैसे चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या कुटुंबांचे. वर पुन्हा एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या तारेवर चालत नसे. केबलवाला बदलावयाचा तर पेटी फेकावयाची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ट्रायने, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालतील असेच असावेत. ही शिफारस लाखो पेट्या विकल्या गेल्यानंतर, साडेसात वर्षांनी आली. अमेरिकेत १९६८ साली मान्य झालेले तत्त्व आपल्याकडे २०२० साली शिफारशीच्या रूपात उमटले. मधल्या काळात, २०१८ मध्ये, हॅथवे व डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांचे नियंत्रण आपल्या हाती घेण्याचा व्यवहार रिलायन्सने जाहीर केला. मक्तेदारीला पेटीचे महत्त्व बरोबर कळते.

काचतंतूच्या टोकाला बसणाऱ्या यंत्राबाबत तोच खेळ पुन्हा होऊ द्यावयाचा नसेल, तर आतापासूनच चौकशी सुरू झाली पाहिजे. यंत्रासाठी अनामत घेतली जाते काय, सेवा सोडल्यावर ती परत मिळते काय, कंपनी बदलल्यास यंत्र चालते काय, आणि कंपनीने तंत्र बदलल्यास नवे यंत्र कोणाच्या खर्चाने येते, या गोष्टी प्रत्येक वॉर्डातील चार-सहा इमारतींत व वस्त्यांत जाऊन बिले पाहून नोंदविता येतील. महापालिकांच्या रस्त्यांखालून व खांबांवरून या तारा जातात. खोदकामाची परवानगी देताना या अटी घालणे पालिकांस अशक्य नाही. पक्षाच्या नगरसेवकांनी व ग्राहक संघटनांतील कार्यकर्त्यांनी अशी माहिती गोळा करून स्थायी समितीपुढे ठेवावी. खोदकामाच्या परवानग्या पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू होतात, त्यापूर्वी हे काम होणे इष्ट आहे.